ड्राय बाल्कनीत सिंक हवे का? आधी पाणी कुठे जाते ते पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या आगेमागे नव्या सदनिकांचे ताबे मिळू लागतात आणि फर्निचरवाल्याच्या नकाशात एक प्रश्न हमखास येऊन बसतो: ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी सिंक करून घ्यायचे का? वास्तूविषयक पुरवण्यांत मॉड्युलर किचनवर आणि दिवाणखान्याच्या फॉल्स सीलिंगवर रकानेच्या रकाने छापून येतात. धुण्या-भांड्यांच्या त्या चार फुटी पट्टीकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. नाव ‘ड्राय’ आणि घरातले निम्मे ओले काम तिथे! या जागेत हौसेने सिंक बसवून वर्षभरात उखडणारी घरे आहेत, तशीच सिंक नसल्याने पायपुसणी न्हाणीघरात धुवत बसणारीही आहेत. दोन्हीकडे चूक एकच होते. सिंक कोणते घ्यायचे ते आधी ठरते आणि त्यातले पाणी कुठे जाणार याची चौकशी शेवटी होते.

म्हणून पहिली गोष्ट पाइपाची. बऱ्याच इमारतींत ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात जी जाळी असते, ती सांडपाण्याच्या पाइपाला नव्हे तर पावसाच्या पाण्याच्या पाइपाला जोडलेली असते. बिल्डरने ती जागा बाल्कनी म्हणून धरलेली असते आणि बाल्कनीतून पावसाचेच पाणी जायचे, असा हिशेब असतो. त्या जाळीखाली ट्रॅप, म्हणजे थोडे पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारा वळसा, नसतो. पाइप खाली जाऊन पावसाळी गटाराला मिळतो, किंवा सोसायटीत पाऊसपाणी जिरवण्याची सोय असेल तर थेट शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात. तिथे मशिनचे साबणपाणी सोडले की पावसाळ्यात जमिनीत जिरवायच्या पाण्यासोबत वर्षभर डिटर्जंटही जिरते. मार्च-एप्रिलमध्ये बोअर उपसून तेच टाकीत चढवायचे, ही सोय फारशी शहाणपणाची म्हणता येणार नाही.

पाइप कोणता आहे हे ओळखायला प्लंबर लागत नाही. बादलीभर पाण्यात कपड्यांना घालायच्या निळीचे दहा-बारा थेंब टाका. एकाने वर ते पाणी जाळीत ओतायचे आणि दुसऱ्याने खाली सांडपाण्याच्या चेंबरचे किंवा गली ट्रॅपचे (इमारतीबाहेर जमिनीत असलेल्या ट्रॅपचे) झाकण उघडून थांबायचे. निळे पाणी तिथे दिसले तर ठीक. दोन-तीन मिनिटे थांबूनही दिसले नाही आणि पावसाळी नालीत निळसर ओघळ आला, तर त्या जाळीवर ना मशिन सोडायचे, ना सिंक. लगेच दुसरी चाचणीही उरकून घ्यावी. वीस लिटरची भरलेली बादली साधारण एका मिनिटात, एकाच धारेने जाळीत रिकामी करा. फ्रंट लोड मशिनचा पंप मिनिटाला ढोबळमानाने पंधरा-वीस लिटर पाणी बाहेर फेकतो. बादलीचे पाणी फरशीवर पसरले, तर मशिनचे पाणीही पसरणार आणि त्यावर फेस असल्यामुळे जास्तच पसरणार.

फेसावरून आठवले. उंच इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांनी एक जादा प्रश्न विचारायला हवा: आपली बाल्कनी वरच्या सगळ्या मजल्यांच्याच उभ्या पाइपावर आहे की खालच्या मजल्यांचा पाइप वेगळा काढला आहे? वरून येणारे साबणपाणी उभ्या पाइपात आपटत खाली येते, हवेत मिसळून त्याचा फेस होतो आणि पाइप जिथे आडवा वळतो तिथे तो तुंबतो. मागच्या दाबाने तो फेस वाट शोधतो आणि खालच्या मजल्यावरच्या ट्रॅपमधले पाणी ढकलून बाहेर येतो. अशा घरात सिंक बसवले तर सोमवारी सकाळी आपण नळ न उघडताही सिंक फेसाने भरलेले दिसेल. दोष सिंकचा नसतो, त्यामुळे सिंक बदलून काही होत नाही. खालच्या मजल्यांची जोडणी स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत नेणे हाच त्यावरचा उपाय आणि तो सोसायटीनेच करायचा असतो.

पाइपाचे नक्की झाले की मग गरजेचा विचार. मशिन आल्यावर हाताने धुवायचे काय उरते? कॉलर आणि बाह्या घासणे, रंग जाणारे नवे कपडे वेगळे खळबळणे, लोकरी आणि रेशमी कपडे, बाळाची दुपटी, हळदीचे नाहीतर रक्ताचे डाग भिजत घालणे, बूट, पायपुसणी, फरशीचा मॉप. घरात यातले काय किती वेळा होते आणि आत्ता कुठे होते, ते दोन आठवडे कॅलेंडरवर रेघा मारून बघावे. आठवड्याला दोन-तीन रेघांपलीकडे जात नसेल तर सिंकची गरज नाही. मशिनशेजारी एक नळ, खाली नीट उतार असलेली जाळी आणि भिंतीला टांगता येणारा टब एवढे पुरते. रोज एक-दोन रेघा पडत असतील, घरात तान्हे मूल असेल किंवा खाली बसून धुता न येणारे गुडघे असतील, तर सिंकचा खर्च वसूल होतो.

इथे आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्याकडे ड्राय बाल्कनीतले सिंक बहुतेक वेळा कपड्यांसाठी नसतेच. ते धुणेभांडी करणाऱ्या मावशींसाठी असते. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये खरकटी पडू नयेत म्हणून भांडी मागे जातात. एकाच सिंकमध्ये सकाळी कढई आणि दुपारी दुपटी धुतली जाणार असतील, तर ते सोयीचेही नाही आणि स्वच्छही नाही. भांड्यांचे तूप-तेल आणि कपड्यांची लव एकाच ट्रॅपमध्ये गेले की त्याचा राखाडी, चिकट गोळा होतो. पाणी बोअरचे आणि जड असेल, तर वडीच्या साबणाचा साकाही त्यात मिसळतो आणि तो गोळा तारेनेही सहज निघत नाही. दोन्ही कामे तिथेच करायची असली तर भांड्यांना सिंक आणि कपड्यांना खाली मोरी अशी वाटणी करावी.

मोरीला उगाच जुनाट समजू नये. अडीच फूट बाय अडीच फूट जागा, भोवती चार इंचांचा कट्टा, आत जाळीकडे उतार आणि भिंतीवर दीड फुटावर नळ एवढेच तिचे स्वरूप. तिच्यात गोधडी धुता येते. अठरा इंची सिंकमध्ये गोधडी मावत नाही, सात किलोच्या मशिनमध्येही ती भिजून फिरत नाही. वीस लिटरची बादली सरळ नळाखाली बसते. सिंकमध्ये ती बसवायची तर नळ सिंकच्या तळापासून किमान सोळा इंच वर हवा, आणि भरलेली बादली उचलून बाहेर काढायची ती वेगळीच. मोरीचा तोटा एकच, पण मोठा: तिथे उकिडवे बसावे लागते. मावशींच्या वयाकडे पाहून उभ्याने काम होईल असे सिंक करून देणारी घरे हल्ली वाढत आहेत आणि ते योग्यच आहे. जागा असेल तर दोन्ही करावे. नसेल तर घरात खाली बसून धुणारे कोण आणि उभ्याने धुणारे कोण, हे मोजून ठरवावे.

मशिनच्या प्रकारावरही बरेच अवलंबून आहे आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप लोड मशिनमध्ये पाणी उपसणारा पंप नसतो. पाणी आपल्या वजनाने खाली येते. अशा मशिनची नळी जमिनीलगतच हवी. ती उचलून सिंकमध्ये टाकली तर पाणी मशिनमध्येच राहते. म्हणजे पंप नसलेल्या मशिनला सिंकचा निचऱ्यासाठी काडीचा उपयोग नाही, तिला मोरी किंवा खालची जाळीच लागते. फ्रंट लोडचे नेमके उलटे. तिच्यात पंप असतो आणि नळीचे टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर वर असावे लागते. नेमका आकडा मशिनच्या पुस्तिकेत असतो. टोक खाली जाळीत टाकले तर पाणी भरता भरताच वाहून जाते, मशिन भरतच राहते आणि शेवटी एरर दाखवते. मेकॅनिक येतो, नळी वर बांधतो आणि भेटीचे पैसे घेऊन जातो.

फ्रंट लोडची नळी सिंकमध्ये सोडायची असेल तर दोन पथ्ये आहेत. नळीचे टोक सिंकच्या काठाच्या वर राहील अशी ती आकड्याने किंवा पट्टीने घट्ट बांधावी. सैल असली तर पंप सुरू होताच ती सापासारखी उसळून बाहेर येते, आणि टोक आत बुडलेले असेल तर घाण पाणी मशिनकडे परत ओढले जाऊ शकते. दुसरे, सिंकमध्ये काही ठेवून मशिन लावू नये. एक मोजा घरंगळत जाळीवर बसला की ३५-३८ लिटरचे सिंक दोन निचऱ्यांत काठाला येते. त्यापेक्षा बरे म्हणजे मशिनसाठी ४० किंवा ५० मिलिमीटरचा उभा पाइप स्वतंत्र घ्यावा, त्याला खाली ट्रॅप द्यावा आणि वरचे तोंड दोन ते तीन फुटांवर उघडे ठेवावे. नळी सिंकच्या वेस्ट पाइपालाच जोडायची असेल, तर जोड ट्रॅपच्या आधी हवा, नंतर नको. नंतर जोडली तर गटाराचा वास थेट ड्रमपर्यंत पोचतो. आणि जोडण्याआधी नळीला सिंकच्या काठापर्यंत वर नेऊन वळसा द्यावा, नाहीतर सिंकमधले पाणी धुतलेल्या कपड्यांवर जाईल.

आता मापे. फ्रंट लोड मशिन ढोबळमानाने ६० सेंटिमीटर रुंद, ५५ ते ६० खोल आणि ८५ उंच असते. मागे नळ्यांना दहा सेंटिमीटर सोडावे लागतात. शेजारी ४५ सेंटिमीटरचे सिंक आणि मधली फट धरली तर भिंतीची लांबी साडेतीन फुटांच्या आत भागत नाही. बाल्कनी तीन फूट रुंद असेल तर मशिनसमोर उभे राहायला जेमतेम पाऊल उरते आणि मशिनचे दार उघडले की तेही जाते. अशा वेळी मशिन आखूड भिंतीकडे आणि सिंक लांब भिंतीवर अशी काटकोनात मांडणी जमते का, ते फरशीवर खडूने आखून बघावे. खडूच्या रेघेत उभे राहून मशिनचे दार उघडल्याची नुसती नक्कल केली तरी निम्मे नकाशे बाद होतात.

सिंकची खोली हा फसवा मामला आहे. कपड्यांचे म्हणून बारा इंच खोल सिंक दाखवले जाते. काठ ८५ सेंटिमीटरवर धरला तर तळ ५५ वर जातो, म्हणजे कपडा चोळताना सतत वाकायचे. आठ इंची स्वयंपाकघरी सिंकमध्ये पाणी अंगावर उडते. दहा इंच खोली आणि काठ ८० ते ८५ सेंटिमीटर हा बहुतेकांना सोसणारा मध्य. स्वतःचे माप काढायचे तर हात सरळ खाली सोडून उभे राहावे. सिंकचा तळ बोटांच्या पेरांच्या फार खाली जाऊ नये.

धातूत ३०४ ग्रेडचे स्टील मागावे आणि पत्रा एक मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये. २०२ ग्रेड स्वस्त असते, पण डागांसाठी वापरायचे क्लोरिनचे ब्लीच त्याला फार लवकर खाते. ३०४ लाही ब्लीच रात्रभर भिजत ठेवणे सोसत नाही, सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि मग त्यांतून गंज दिसू लागतो. डाग भिजवायचे ते प्लास्टिकच्या टबात. प्रयोगशाळेत असते तसले चिनी मातीचे सिंक ब्लीचला दाद देत नाही, पण ते जड असते.

वजनाचा विचार सिंकच्या दुकानात कोणी करत नाही. चोवीस बाय अठरा बाय दहा इंचांचे सिंक काठोकाठ भरले की पाणीच सुमारे ७० किलो होते. वर सिंकचे वजन, आणि त्यावर ओणवून पिळणाऱ्या माणसाचा भार. नव्या इमारतींत ही भिंत बहुधा चार इंची सायपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची असते. साधा फास्टनर तिच्यात फिरत राहतो, धरत नाही. दोन ब्रॅकेटवर लटकवलेले सिंक सहा महिन्यांत पुढे झुकते, मागची फट उघडते आणि पाणी भिंतीत शिरते. सिंकखाली दोन उभे कडप्पे लावून भार जमिनीवर आणावा. हा साधा, जुना आणि टिकाऊ उपाय. कठड्याच्या भिंतीवर मात्र सिंक अजिबात टेकवू नये.

सिंकखाली बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप नको. दिसायला सुबक असतो, पण आतली वाट अरुंद, लव तिथेच अडकते. ४० मिलिमीटरचा पी-ट्रॅप, म्हणजे साधा वळणाच्या पाइपाचा ट्रॅप घ्यावा, खाली साफ करायचे झाकण हाताने उघडेल असे. पुढच्या आडव्या पाइपाला मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्यावा आणि काटकोनी एल्बो टाळून दोन ४५ अंशांचे बेंड वापरावेत. नव्याने पाइप काढत असाल तर भिंतीतले वेस्टचे तोंड तयार फरशीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवावे. त्याहून वर ठेवले तर ट्रॅप बसत नाही आणि मग प्लंबर कोरुगेटेड नळी नागमोडी वळवून देतो, जिच्या प्रत्येक घडीत साका धरतो. मशिनच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधली आणि आठ दिवसांनी झटकली तर ट्रॅपची तब्येत बरी राहते. जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये मात्र आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी टाकावे. सगळे पाणी सिंकमधून जाऊ लागले की खालचा ट्रॅप सुकतो, आणि झुरळे व वास दोन्ही त्याच वाटेने येतात.

फरशीखाली काय आहे हे बिल्डरला लेखी विचारावे. न्हाणीघराच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग असतेच. ड्राय बाल्कनीत ते असेलच असे नाही. रोजचे पाणी तिथे सांडू लागले की पहिला ओलावा खालच्या घराच्या छतावर उमटतो. आणि सदनिकेच्या आतल्या सिंक-मोरीतून होणारी गळती ही सभासदाच्या खर्चाची बाब असते, सोसायटीच्या नव्हे. फरशी बसवण्याआधी जाळीचे तोंड बंद करून इंच-दीड इंच पाणी किमान ४८ तास तुंबवून ठेवावे आणि खालच्या छतावर नजर ठेवावी. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर फूटभर आणि सिंकमागे काठाच्या वरपर्यंत चढवून घ्यावा. फरशी बसलेली असेल आणि थर नसेल, तर मोरीचा बेत सोडून द्यावा. त्या घरात सिंक बरे, कारण पाणी निदान पाइपातून तरी जाते.

नळाची जोडणी छोटीशी वाटते, पण वरच्या मजल्यावर तीच नडते. गच्चीवरच्या टाकीच्या लगतच्या मजल्यावर पाण्याची उंची तीन-चार मीटर, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ बार. अनेक मशिनना किमान एवढाच लागतो. मशिनच्या नळावरूनच टू-वे अँगल कॉक (एका लाइनचे दोन फाटे करणारा कॉक) लावून सिंकचा नळ काढला की सिंक उघडताच मशिन उपाशी राहते. वेगळी अर्ध्या इंची लाइन काढावी किंवा मशिन पाणी घेत असताना सिंकचा नळ बंद ठेवावा. मशिनचा १६ अँपियरचा सॉकेट सिंकच्या वर कधीच नको, बाजूला आणि चार फुटांवर, झाकणासह हवा. घरात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर सिंकच्या आधी ती बसवावी.

एक फायदा मात्र सिंकच्या पारड्यात टाकलाच पाहिजे. फ्रंट लोडच्या शेवटच्या खळबळण्याचे पंधरा-वीस लिटर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते. सिंकला बूच लावून, जवळ उभे राहून, ते धरता येते आणि त्यात पायपुसणी, मॉप, बाल्कनीची फरशी निघते. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत हे पाणी किरकोळ नाही.

शेवटी बिल्डर आणि वास्तुरचनाकारांना एक मागणी, जी आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोचावी. माहितीपत्रकात ड्राय बाल्कनीचे चौरस फूट छापता, तसे तिथला पाइप सांडपाण्याचा आहे की पावसाचा, आणि फरशीखाली वॉटरप्रूफिंग आहे की नाही, हे दोन शब्दही छापा. भिंतीत ४५ सेंटिमीटरवर ५० मिलिमीटरचे वेस्टचे तोंड बूच मारून सोडायला बांधकामाच्या वेळी पाइपाचा एक तुकडा आणि एक ‘टी’ आकाराचा जोड लागतो. तेच काम ताब्यानंतर करायचे तर टाइल फोडणे, सोसायटीची परवानगी आणि खालच्या घराशी भांडण एवढे लागते. आणि ज्यांचा ताबा अजून मिळायचा आहे, त्यांनी साइटवर जाताना खिशात निळीची बाटली ठेवावी.

आपला,
प्लंबिंग-ड्रेनेजच्या कामातला एक वाचक, पुणे